डुकराच्या पिल्लाला एवढी मोठी सिम्फनी कशाला?

यंदाच्या विज्ञान दिनाला मी आमच्या विभागात एक छोटासा व्हिडिओ दाखवला. माझी पीएचडी शेळीच्या करडांच्या आवाजावर आहे, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच. व्हिडिओत एक करडू बारा सेकंद ओरडतं, एवढंच. नुसतं ओरडणं कोरडं वाटेल म्हणून मित्राने खाली हळुवार व्हायोलिन लावलं. समोर बसलेल्या एक काकू लगेच म्हणाल्या, "आई गं, आईपासून तोडलंय का त्याला?" खरं तर करडाला दाण्याची बादली येताना दिसली होती, म्हणून त्याची घाई चालली होती. गाईड नंतर एवढंच म्हणाले, "मग तू तीन वर्षं मोजमाप कशाला करतेयस? व्हायोलिनच लाव."

ते वाक्य मला लागलं. तेव्हापासून प्राण्यांचे सिनेमे बघताना माझं अर्धं लक्ष पार्श्वसंगीतावर असतं. लहानपणापासूनचा आवडता 'बेब' (१९९५) परत बघितला, तोही जरा धास्तीनेच. यानेही मला तेव्हा फसवलं होतं का?

संगीत फसवू शकतं, हे प्रयोगातून दिसलेलं आहे. हायडर आणि सिमेल यांनी १९४४ साली दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे फिरतात अशी एक फिल्म वापरली. बघणाऱ्यांना त्यातसुद्धा भांडण आणि पाठलाग दिसला. १९८८ मध्ये मार्शल आणि कोहेन यांनी त्याच आकृत्यांना वेगवेगळं संगीत लावलं, तर आकृत्यांच्या स्वभावाबद्दलची लोकांची मतं बदलली. त्रिकोणाची ही गत, तर ओल्या डोळ्यांच्या पिल्लाचं काय सांगायचं!

डुकरांचा आवाज स्वतःहून बरंच सांगतो, हा आणखी एक मुद्दा. २०२२ मध्ये एलोडी ब्रीफर आणि सहकाऱ्यांनी ४११ डुकरांचे ७,४१४ आवाज तपासले. चांगल्या प्रसंगातले आवाज साधारण आखूड होते, त्यांत चढउतार कमी होते. 'बेब'मध्ये यातलं काही ऐकू येत नाही. पिल्लू माणसासारखं बोलतं आणि भावना नायजेल वेस्टलेकचा वाद्यवृंद सांगतो. उंदरांचं कोरस गोड आहे, पण त्यात प्राणी म्हणजे गंमत हाच जुना सूर आहे. माझी तक्रार इथपर्यंत.

पण मग ते दृश्य येतं. डुकरं खाण्यासाठीच पाळतात हे मांजरीकडून कळल्यावर बेब पळून जातो, पावसात भिजतो, आजारी पडतो, खाणंपिणं सोडतो. अबोल शेतकरी हॉगेट त्याला मांडीवर घेऊन बाटली पुढे करतो आणि हळूच गायला लागतो. मग आवाज चढतो आणि हा ताडमाड माणूस चक्क नाचायला लागतो. माझ्या व्हिडिओतलं व्हायोलिन करडाला ऐकूच येत नव्हतं, ते फक्त प्रेक्षकांसाठी होतं. हॉगेटचं गाणं मात्र पिल्लासाठी आहे, ते पिल्लाला ऐकू येतं. पिल्लाच्या मनात काय चाललंय ते हे गाणं सांगत नाही. माणसाच्या मनात काय आहे तेवढं सांगतं. माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे.

ती चाल कामी सँ-साँस यांच्या तिसऱ्या, म्हणजे 'ऑर्गन' सिम्फनीच्या शेवटच्या भागातली. तिच्यावर १९७७ मध्ये एक पॉप गाणंही निघालं होतं, हॉगेट तेच गातो. सिम्फनी १८८६ सालची. त्याच वर्षी त्यांनी 'कार्निव्हल ऑफ द अॅनिमल्स' लिहिलं: कोंबड्या, गाढवं, डबल बासवर नाचणारा हत्ती, सगळी थट्टामस्करी. गंभीर संगीतकार म्हणून आपलं नाव खराब होईल या भीतीने त्यांनी ते, 'हंस' हा तुकडा सोडून, हयातीत छापू दिलं नाही. म्हणजे प्राण्यांसाठी विनोद आणि माणसांसाठी सिम्फनी, अशी सरळ वाटणी. 'बेब'ने ती उलटवली आणि सिम्फनी डुकराला दिली!

त्यात आणखी एक गोष्ट आहे. शेवटी ऑर्गनसह उजळून येणारी ही चाल नवीन नाही. सुरुवातीच्या भागातली अस्वस्थ, मायनरमधली सुरावटच तिथे रूप बदलून येते, आणि त्या सुरावटीचं मृतांसाठीच्या 'दिएस इरे' या जुन्या चर्चगीताशी साम्य आहे, असं जाणकार सांगतात. कत्तलीसाठी जन्मलेल्या पिल्लाला मरणाच्या सुरांतून उगवलेली चाल मिळते. सिनेमा करणाऱ्यांनी हे ठरवून केलं असा माझा दावा नाही. पण कळल्यापासून ती चाल मला पूर्वीसारखी नुसती गोड लागत नाही.

सिनेमाचा गाभाही शेवटी ऐकण्याचाच आहे. मेंढ्यांना मूर्ख समजणारा रेक्स कुत्रा, पुरात मेंढ्यांना वाचवताना ज्याची श्रवणशक्ती जवळजवळ गेली, तोच शेवटी मेंढ्यांकडे जाऊन नम्रपणे परवलीचा शब्द विचारतो. ज्याला नीट ऐकू येत नाही त्यालाच ऐकून घ्यावं लागतं. स्पर्धेच्या मैदानावर हसणारी गर्दीही मग गप्प होते.

मी व्हिडिओ बदलला आहे. व्हायोलिन काढलं. आता आधी करडाचा आवाज येतो, मग बादली दिसते. काकूंना परत दाखवला तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "भूक लागलीय होय मेल्याला!"

बरोबर ओळखलं त्यांनी.