जंतूंचे युद्ध की अभिव्यक्ती?

रोगजंतूंवरील मराठी लेख आम्ही आवडीने वाचतो आणि बहुधा पहिल्याच परिच्छेदात रणवाद्यांचा घोष ऐकून खिन्न होतो. जंतू ‘चाल करून येतात’, शरीराचा ‘किल्ला’ फोडतात, पांढऱ्या पेशींचे ‘शिपाई’ धारातीर्थी पडतात. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर पोसलेल्या आमच्या गद्यास ही ऐट सहज साधते. परंतु वर्ण्य वस्तूचा त्यात विसर पडतो.

पटकीच्या जंतूचेच पाहा. आम्ही राहतो त्या वर्सोव्यासारख्या खाड्यांचे मचूळ पाणी हे या जातीचे जुने बिऱ्हाड. तेथे तो सूक्ष्म कवचधारी जीवांच्या अंगावर बसतो आणि कवचातील कायटिन पचवून उदरनिर्वाह करतो. माणसाशी त्याला काही कर्तव्य नसते. या जातीतील रोगकारक जंतू पाण्यावाटे आतड्यात गेला, की त्याच्या आवरणातील टॉक्सआर व टीसीपीपी ही प्रथिने भोवतालचा पालट ओळखतात. त्यांच्या योगे टॉक्सटी हे तिसरे प्रथिन तयार होते आणि ते, एकमेकांस बिलगून राहण्याचे तंतू व विष, या दोहोंची जनुके जागी करते. पुढे तर मौजच आहे. संख्या वाढून जंतूंनी सोडलेली संकेतद्रव्ये दाट झाली, की हीच जनुके आवरती घेतली जातात व जंतू बाहेर पडण्याच्या तयारीस लागतो. फौज पुरी जमल्यावर शस्त्रे खाली ठेवणारा सेनापती आमच्या बखरींत तरी आढळत नाही!

या व्यापारास मराठीत ‘जनुकांची अभिव्यक्ती’ असे नाव रूढ झाले आहे. साहित्यशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेल्या आम्हांस हा शब्द भेटताच जुना स्नेही भेटल्यासारखे वाटले. रस नव्याने उत्पन्न होत नाही, मनात वासनारूपाने असलेला स्थायीभाव विभावादिकांच्या योगे व्यक्त होतो, हा अभिनवगुप्ताचा पक्ष. जनुक तो स्थायी, आतडे हा विभाव, रूपक जुळते. तथापि ते फार ताणू नये. दिव्याने घट दिसतो तेव्हा घट आधीच असतो. विष मात्र आधी नसते. असते ती केवळ त्याची कृती, आणि विष त्या घडीला घडविले जाते. येथे उत्पत्तिवादी लोल्लटाचीच बाजू खरी ठरते. शिवाय ही कृतीदेखील जंतूची उपजत नव्हे. ती जंतुभक्षक विषाणूने आणून दिलेली असते, हे १९९६ साली उघडकीस आले. इतके असूनही हा शब्द आम्हांस मान्य आहे, कारण तो वाचकाची दृष्टी परिस्थितीकडे वळवितो.

आम्ही शब्दांचा कीस काढीत नाही. ‘शत्रू’ म्हटले, की तो कोणी घरात आणला हा शोध ओघानेच आला. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या झडतीसाठी गोरे सोजीर घरांत शिरले, तेव्हा युद्ध हे रूपक उरलेच नव्हते. आजही जुलाबाची साथ आली, की आमच्या इमारतीतील सुशिक्षित मंडळींचे बोट प्रथम कोळीवाड्याकडे वळते. नळाच्या फुटक्या जोडात गटार मिसळते काय, ही चौकशी मागाहून. एका पावसाळ्यात आम्हीही मासळीवाल्या बाईंपाशी असेच काही बोलून गेलो. त्यांनी पाटी उतरवीत म्हटले, “मास्तर, तुमचं नि आमचं पानी येकाच नलाचं.”

त्या दिवशी आम्ही पापलेटांच्या भावात घासाघीस केली नाही.