पिवळ्या रंगाची वाट

2023 साली ‘रेसिडेंट ईव्हिल 4’ नव्या रूपात आला, तेव्हा त्यातल्या शिड्यांना, फोडायच्या पिंपांना आणि खोक्यांना पिवळा रंग फासलेला होता. गाव स्पेनमधलं, गावकरी परजीवी किड्यांनी पछाडलेले, मागून कुणी करवत घेऊन धावत येतंय. आणि अशा गावात कुणीतरी ब्रश आणि डबा घेऊन निवांत फिरलंय, एकही शिडी न विसरता. पुढच्या वर्षी ‘फायनल फँटसी 7 रीबर्थ’च्या डेमोत चढायच्या कड्यांवर तोच रंग दिसला आणि खेळणाऱ्यांमध्ये जुंपली. एक पक्ष म्हणे, हा आमच्या अकलेचा अपमान आहे. दुसरा म्हणे, कामावरून थकूनभागून आल्यावर भिंती चाचपत बसायला वेळ कुणाला आहे? नवा मोठा गेम आपल्याकडे पाच हजारांच्या घरात जातो. तेवढे पैसे मोजल्यावर, किंवा लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून जुनी डिस्क आणल्यावर, माणसाला शेवट बघायचा असतो. त्यामुळे दुसऱ्या पक्षाला मी हसत नाही.

पण रंग हे नुसतं लक्षण. चित्र इतकं बारीक तपशिलांचं झालंय की समोरच्या पसाऱ्यातली कुठली वस्तू हाताळता येते आणि कुठली शोभेची, हे डोळ्यांना कळेनासं झालंय. मग रंग फासावा लागतो, बाण दाखवावा लागतो, सोबतच्या पात्राला ‘ती शिडी बघ’ असं म्हणायला लावावं लागतं. अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर गेमची आजची तब्येत तपासायला माझ्याकडे एकच कसोटी आहे: यातली गोष्ट मला हातांनी कळते, की हात मोकळे ठेवून बघावी लागते?

नव्वदच्या दशकात शाळेच्या किंवा क्लासच्या कॉम्प्युटरवर ज्यांनी हात साफ केला, त्यांना हे ‘प्रिन्स’ने शिकवलं. जॉर्डन मेकनरने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ 1989 मध्ये अ‍ॅपल टू या संगणकासाठी केला. आपल्याकडे तो डॉसवरून पोचला. मेकनरने आपल्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावलं, ते चित्रित केलं आणि एकेक चौकट उतरवून घेतली. तलवारबाजी घेतली 1938 च्या रॉबिन हूडवरच्या चित्रपटातून. म्हणून तो राजपुत्र पळताना चटकन थांबत नाही, दोन पावलं घसरतो. कड्याला लटकला की अंग वर ओढून घ्यायला त्याला वेळ लागतो. पुढे मेमरी संपली. दुसरं पात्र मावेना. तेव्हा राजपुत्राचंच चित्र किंचित सरकवून मेकनरने त्याची झिरझिरीत छाया तयार केली. राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि ती पलीकडून बाहेर पडते. नंतर आपल्या वाटची बाटली पिऊन टाकते, दार लावून घेते, आणि शेवटी तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की रक्त आपलंच जातं. तोडगा एकच, तलवार म्यान करायची. हे कुणी सांगत नाही, पडद्यावर अक्षर उमटत नाही. साठ मिनिटांचं घड्याळ मात्र चालू असतं. आजच्या गेममध्ये याच प्रसंगाला चार मिनिटांचा कटसीन आणि ‘शत्रू तुझ्या आतच आहे’ असा संवाद मिळाला असता.

‘टूम रेडर’चा प्रवास उलट्या दिशेने झाला. डर्बीच्या कोअर डिझाइनने 1996 मध्ये केलेला पहिला गेम सारख्या मापाच्या ठोकळ्यांनी रचलेला होता. कडेपर्यंत चालत जायचं, एक उडी मागे घ्यायची, पळत सुटायचं, उडी मारायची आणि हवेत असतानाच पकडण्याचं बटण दाबून धरायचं. अंतर आपण मोजलेलं असे, त्यामुळे पडलो तर दोषही आपलाच. लारा क्रॉफ्ट चालायची रणगाड्यासारखी, वळायला तिला अख्खा दिवस लागायचा. पण मोठी दरी ओलांडली की ती मी ओलांडलेली असे. 2013 च्या नव्या ‘टूम रेडर’मधल्या लाराच्या गालावरची खरचट स्पष्ट दिसते, केस वाऱ्यावर हलतात, आणि ती साधारण बरोबर दिशेला उडाली की कड्याला आपोआप चिकटते. तिला फार लागतं, मला काहीच लागत नाही.

सिनेमासारखं दिसायचं हे वेड सगळ्यात सफाईने पुरवलं ते नॉटी डॉग या कंपनीने. ‘अनचार्टेड 2’ची (2009) सुरुवात, कड्यावरून लोंबकळणाऱ्या रेल्वेच्या डब्यातून जखमी नेथन ड्रेक वर चढतो तो प्रसंग, मी आजही कुणाला कन्सोल दाखवायचा असेल तर लावतो. करमणूक म्हणून त्याला तोड नाही. फक्त हा ड्रेक म्हणजे हसरा, हजरजबाबी, बायकोला घाबरणारा गडी, आणि दोन विनोदांच्या मधल्या वेळात तो पन्नास माणसं गोळ्या घालून मारतो. गोष्ट आणि खेळ यांच्यातल्या या फटीला क्लिंट हॉकिंग या डिझायनरने 2007 मध्ये ‘बायोशॉक’बद्दल लिहिताना ‘ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ असं जडजंबाल नाव दिलं. ‘अनचार्टेड 4’मध्ये हजार शत्रू मारले की नेमकी याच नावाची ट्रॉफी मिळते. आपल्यावरच्या टीकेची अशी थट्टा करायला दिलदारपणा लागतो. फट मात्र तशीच राहिली.

ती फट बुजवता येते, हे 2005 मध्येच सिद्ध झालं होतं. फुमितो उएदाच्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये एक तरुण, एक घोडा, एक ओसाड प्रदेश आणि सोळा महाकाय प्राणी आहेत. बस्स. वाटेत फुटकळ शत्रू नाहीत, गोळा करायला नाणी नाहीत. उन्हात तलवार उंचावली की प्रकाश एकवटतो आणि दिशा दाखवतो. सावलीत गेलात तर तेही नाही. यातला पाचवा प्राणी म्हणजे तळ्यातल्या खांबावर बसलेला अजस्र पक्षी. तो आपल्याला काही करत नाही. आपण तळ्यात कितीही पोहा, तो बसून राहतो. मग आपणच बाण मारतो, कारण त्याशिवाय गेम पुढे सरकणार नाही. तो झेपावत पाण्यालगत येतो, त्या क्षणी उडी मारून त्याच्या पंखाचे केस धरायचे आणि एक बटण दाबून धरायचं. ते सुटलं की आपण खाली. तो आकाशात वळतो, तिरका होतो, आपली ताकद दाखवणारं वर्तुळ आटत जातं, बोट दुखायला लागतं. मर्मस्थानी पोचून तलवार खुपसली की काळं रक्त उसळतं. तो कोसळतो तेव्हा वाजणारं संगीत विजयाचं नसतं, आणि नसावंच. कुरापत कुणी काढली हे माझ्या बोटाला पक्कं माहीत असतं. सोळा वेळा हेच करताना त्या तरुणाची कांती निस्तेज होत जाते. त्यावर कुणी भाष्य करत नाही.

याच जातीचा दुसरा दाखला जोसेफ फारेसच्या ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’चा (2013). इथे शेवट सांगावा लागेल, ज्यांना नको असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर जावं. दोन भाऊ, कंट्रोलरच्या दोन कांड्या. डावी मोठ्याची, उजवी धाकट्याची. धाकट्याला पाण्याची भीती, त्यामुळे दर वेळी तो मोठ्याच्या पाठीवर बसून नदी पार करतो. मोठा मरतो. नंतर धाकटा एकटाच नदीपाशी येतो आणि त्याचं बटण दाबून काही होत नाही. मेलेल्या भावाचं बटण दाबायचं. मग तो पोहतो. संवाद म्हणाल तर दोघेही अख्ख्या गेममध्ये न समजणाऱ्या भाषेत बोलतात.

‘द लास्ट ऑफ अस’ (2013) मला या रांगेत बसवता येत नाही, जरी लिहिलेला तो या सगळ्यांहून सरस आहे. त्याची ताकद अभिनयात आणि संवादात आहे, ती टीव्ही मालिकेतही तशीच उतरली, यातच सगळं आलं. गेमच्या दुसऱ्या भागात (2020) आधी माझ्याकडून माणसं मारवून घेतली जातात आणि मग मलाच दरडावलं जातं. पर्याय दिलाच नव्हता तर अपराधी कशाला वाटून घेऊ?

ओपन वर्ल्ड प्रकाराबद्दल फार शाई खर्च करायला नको. 2007 च्या ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये मनोऱ्यावर चढून शहर बघायचं आणि खालच्या गवतात उडी घ्यायची, यात खरी मजा होती. त्याच मनोऱ्यांचं पुढे सरकारी काम झालं. चढा, मॅप उघडा, खुणा गोळा करा, पुढच्या मनोऱ्यावर जा. ‘युनिटी’च्या (2014) पॅरिसचा मॅप उघडला की रस्ते दिसायचे बंद होतात, इतकी चिन्हं. शहर अप्रतिम बांधलेलं, पण आपली नजर कायम कोपऱ्यातल्या छोट्या मॅपवर.

2017 च्या ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने ही सवय मोडली. मनोरे त्यातही आहेत, पण वर गेल्यावर दूरबिणीतून बघून खुणा आपण करायच्या. दिसेल तो कडा चढता येतो, अंगात दम असेल तोवर. पाऊस आला की हात घसरतात. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या कातळटप्प्यावर अडकलेल्याला ती चिडचिड नवी नाही: पाच हात वर टप्पा दिसतोय आणि पाऊल धरत नाहीये. वीज कडाडू लागली की लोखंडी तलवार पाठीवरून उतरवून ठेवायची, नाहीतर वीज आपल्यावरच. लपवलेली नऊशे कोरोक बियाणी मात्र अतिरेक आहे, आणि हातातली शस्त्रं सारखी मोडतात त्याचं समर्थन करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ‘एल्डन रिंग’ (2022) याच वाटेने आणखी पुढे जातो. दार उघडून बाहेर पडताच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार फिरताना दिसतो. नवखा त्याला भिडतो आणि मरतो. मग कळतं की वळसा घालून जाता येतं. असा धडा मी सहज सोसतो. पण तेच बॉस पुढे पुन्हा पुन्हा वाढून ठेवलेत, आणि पात्रांच्या उपकथा इतक्या आडवळणाच्या आहेत की शेजारी फोन उघडा ठेवल्याशिवाय पुऱ्या होत नाहीत. वाट शोधू देणं वेगळं, वाट लपवणं वेगळं.

मदत नकोच, असं माझं म्हणणं नाही. मदतीला बंद करायचं बटण असावं. ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’ने (2018) लढाई, कोडी आणि भटकंती या तिन्हींची काठिण्यपातळी वेगवेगळी ठरवू दिली; कड्यांवरचा पांढरा रंग पुसायची सोयही त्यातच. ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागावर मी वर तोंडसुख घेतलं, पण त्यातल्या साठहून जास्त सुलभ सोयींमुळे दृष्टिहीन खेळाडूही तो पुरा करू शकले. उलट ‘गॉड ऑफ वॉर: रॅग्नारोक’मध्ये (2022) कोडं समोर आलं, जरा मान वळवून बघतोय, तोवर मागून सोबत्याने उत्तर सांगून टाकलेलं असतं. त्याच मालिकेच्या 2018 च्या भागात फेकलेली कुऱ्हाड बटण दाबताच परत येऊन हातात थडकते आणि कंट्रोलर थरारतो. एका कृतीवर एवढी मेहनत घेणाऱ्यांना खेळाडूच्या डोक्यावर भरवसा का नसावा? 2024 च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’मधली युक्ती मला सगळ्यांत पटली. न सुटलेल्या जागेचा तिथल्या तिथे फोटो काढायचा आणि मॅपवर चिकटवून ठेवायचा. पुढे नवी शक्ती मिळाली की मॅप उघडून बघायचं, कुठे काय राहिलंय. उत्तर त्यात नाही, फक्त आपलीच आठवण.

आपल्या भागात घडणाऱ्या गेमलाही हीच कसोटी लावतो. ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ (2017) पश्चिम घाटात होयसळांचा खजिना शोधतो. जीप, चिखल, धबधबे, हिरवळ झकास. परशुरामाच्या पुतळ्यांनी कुऱ्हाडी चालवायच्या आधी जागा हेरून पाऊल टाकायचं, ते कोडंही हातात खेळणारं. पण होयसळांची बेलूर-हळेबीडमधली देवळं बघताना जवळ जावं लागतं. मऊ दगडातले दागिन्यांचे मणी, हत्तींच्या ओळी, तारकाकृती जोत्याचे कोन. गेममधले होयसळ मात्र डोंगराएवढे पुतळे उभारत सुटलेत, कारण ते जीपमधून दिसायला हवेत. ‘हिटमॅन 2’ने (2018) मुंबई जास्त ओळखली. तिथल्या तीन लक्ष्यांपैकी एकाचा चेहराच कुणाला माहीत नाही. धोबीघाट, गल्ल्या, चाळवजा इमारती तुडवत, बोलणी ऐकत, गर्दीतून तो माणूस हुडकायचा. गर्दी तिथे देखावा म्हणून नाही, अडचण म्हणून आहे, आणि मुंबईत गर्दी तशीच असते.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ (2020) बघताना मन आपोआप मऊ होतं, म्हणून जरा कडकच बोलतो. रक्षाबंधनाला राक्षसांनी पळवलेल्या गोलूला शोधत निघालेली बहीण, राजस्थानी धाटणीचे वाडे, पहाडी चित्रांचे रंग, छायाबाहुल्यांनी सांगितलेली कथा. दिसायला देखणा. दुर्गा आणि विष्णू सूत्रधार म्हणून बोलत राहतात आणि भिंतीवरची चित्रं थांबून बघावी तर तीही समजावून सांगतात. राजी कसरती करणारी मुलगी आहे, आणि लढाईत खांब, भिंत जवळ असेल तेव्हा ते लख्ख दिसतं: खांबाला धरून गरकन फिरत त्रिशूळ चालवते, भिंतीवरून उसळी घेऊन वार करते. मोकळ्या अंगणात मात्र कॅमेरा लांबच राहतो, शत्रूचा वार कधी उठला ते नीट दिसत नाही, आणि चार राक्षस एकदम आले की बटणं बडवण्यावाचून इलाज उरत नाही. शेवटही घाईत उरकलेला. पुढच्या गेममध्ये आधी तो कॅमेरा जवळ आणावा. देवांची निम्मी बोलणी कापली तरी चालतील.