‘कॅड’ कोणाला म्हणायचे?

जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या मराठी अनुवादांत ‘कॅड’, ‘बाउंडर’, ‘रॉटर’ या तिन्हींसाठी ‘हलकट’ हा एकच शब्द मला पुन्हा पुन्हा भेटतो. चूक म्हणता येणार नाही. पण शिवी कोण कोणाला देतो आहे, ते त्यात हरवते. या शिव्यांतला खरा ऐवज तोच.

‘कॅड’ हा ‘कॅडेट’, ‘कॅडी’ यांच्या कुळातला. घोड्यांच्या ऑम्निबसवरचा कंडक्टर म्हणजे कॅड; डिकन्सच्या ‘स्केचेस बाय बॉझ’मध्ये (१८३६) तो भेटतो. ऑक्सफर्डचे विद्यार्थी गावातल्या सामान्य माणसाला तेच म्हणत. केंब्रिजमध्ये याच कामी ‘स्नॉब’ होता, आणि त्याचा त्याआधीचा अर्थ जोडे शिवणारा! कष्टकऱ्याचे नाव घ्यायचे आणि त्याचीच शिवी करायची. (आपल्याकडे जातींच्या नावांचे काय झाले, हे वाचकांना ठाऊक आहे, यादी देत नाही.)

पुढे मात्र हा शब्द उलटा फिरला आणि जंटलमनच्याच अंगाला चिकटला. घरंदाज असून घरंदाजपणाचे नियम मोडणारा, तो कॅड. नियम तरी कसले? शिंप्याचे बिल वर्षानुवर्षे थकवले तरी चालत असे. जुगारातले देणे मात्र चुकवायचे नाही. १८४५च्या कायद्याने पैज कोर्टात वसूल होईना, म्हणजे तिथे केवळ शब्दाचा भरवसा. त्यामुळे शिंप्याला बुडवणारा नव्हे, मित्राला बुडवणारा कॅड ठरे. शिंप्याचे मत कोणी विचारले नाही.

‘बाउंडर’ १८८०च्या दशकातला. तो मुळातच बाहेरचा. नवा पैसा, भडक टाय, आगाऊ सलगी. गुन्हा एवढाच, की तो आत आला. हा शब्द मला कॅडपेक्षा क्रूर वाटतो. ‘रॉटर’मध्ये वर्ग फारसा नाही, नुसता नासका माणूस.

इंग्रजांनी आपल्याकडून ‘बदमाश’ही उचलला, ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये (१८८६) त्याची नोंद आहे. फारसीत त्याचा अर्थ वाईट उपजीविकेचा माणूस. म्हणजे इथेही पोटापाण्याच्या धंद्यावरूनच निवाडा.

अनुवादकांना माझी सूचना अशी: रॉटरला ‘नासका’, बाउंडरला ‘उपटसुंभ’. ‘उपटसुंभ’मध्ये बोलणाऱ्याची तुच्छताही जशीच्या तशी येते. कॅडला मात्र एका शब्दात पकडणारे मराठी मला अजून सापडलेले नाही. ‘कुलबुडवा’ जवळ जातो, पण त्यात बुडते ते घराणे. कॅड बुडवतो तो आपल्याच पंक्तीतला विश्वास.