तक्त्यातले साल

जुन्या स्विस घड्याळाच्या यंत्रावर कोरलेला क्रमांक पाहायचा, तक्त्यात त्याच्यासमोरचे साल वाचायचे, की घड्याळाचे वय कळले! या समजुतीने मालवणला आमच्या घरी चांगलाच वाद लावला.

आजोबा नौदलात होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार'वर नाविकांचा उठाव सुरू झाला. त्याच्या आदल्याच आठवड्यात आपण ओमेगा घेतले, असे ते सांगत. गेल्या मे महिन्यात भाच्याने झाकण उघडून क्रमांक वाचला. तो १ कोटी ८ लाखांच्या किंचित पुढचा निघाला. संग्राहकांच्या तक्त्यात १ कोटीपुढे १९४४ आणि १ कोटी १० लाखांपुढे १९४७ असते. भाच्याने त्रैराशिक मांडले : दहा लाखांना तीन वर्षे, तर आठ लाखांना २.४ वर्षे. म्हणजे मे १९४६. "आजोबांनी थाप मारली!" आई दुखावली. "बाबा कित्याक खोटा सांगतीत?"

त्रैराशिक बिनचूक आहे. पण ते कशावर उभे आहे? तक्त्यातले १९४४ म्हणजे जानेवारी की डिसेंबर? दोन्ही टोके डिसेंबरची धरली तर उत्तर एका वर्षाने पुढे, १९४७ मध्ये जाते. (हे आजोबांच्या बाजूचे नाही, तरीही सांगायला हवे.) दुसरे गृहीतक अधिक नाजूक आहे : कारखान्याने दरवर्षी सारखेच क्रमांक वापरले. मधल्या काळात, १९४५ साली, महायुद्ध संपले. विद्यार्थ्यांना आलेखावर हे दोन बिंदू देऊन पाहा. त्यांतून सरळ रेषा जाते, तशा चढत्या वक्ररेषाही कितीतरी जातात. सुरुवातीला क्रमांक भराभर खर्ची पडले असतील, तर आपला क्रमांक फेब्रुवारी १९४६ च्या आधीही येऊ शकतो. शिवाय क्रमांक वेगवेगळ्या यंत्रांसाठी गठ्ठ्यांनी राखून ठेवले जात. त्यामुळे मोठा क्रमांक नंतरचाच असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. अशा तक्त्यावरून तीन महिन्यांचा निवाडा करणे म्हणजे वितीने सूत मोजणे.

तक्ता अगदीच निरुपयोगी नाही. हेच घड्याळ १९३० सालचे आहे असे कोणी म्हटले असते, तर तक्त्याने ते तिथल्या तिथे खोडून काढले असते. उलट दिशेने मात्र तो मुका आहे. जुन्या क्रमांकाचे घड्याळ दुकानात वर्षानुवर्षे पडून राहू शकते. म्हणून क्रमांकावरून खरेदीची तारीख निघत नाही.

आणि क्रमांक आहे तो यंत्राचा. आपल्याकडे दुरुस्तीत एकाचे यंत्र दुसऱ्याच्या डब्यात बसते, तबकडी नव्याने रंगवली जाते. काटे अंधारात चमकत नाहीत, म्हणून ते रेडियमचे नव्हेत, असेही भाच्याने ठरवले होते. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. विझते ते त्याच्याबरोबर मिसळलेले झिंक सल्फाइड, किरणांच्या माऱ्याने. किरणोत्सर्ग तसाच राहतो. तेव्हा असे काटे वर्गात कोणी खरवडू नयेत.

झाकणाच्या आतल्या बाजूला भिंगाखाली सुईने कोरलेले बारीक आकडे दिसले : १२/४८. घड्याळजी दुरुस्तीची खूण अशीच ठेवतात. हा महिना आणि साल असेल, तर डिसेंबर १९४८ मध्ये ते कोणाच्या तरी हातून घड्याळजीकडे आले होते. झाकण मूळचेच असेल, तर. भाचा आता यंत्र आणि डबा एकमेकांचे आहेत का, हे तपासतो आहे.