मापाचं कॉलेज

लॉरेन पोप हे वॉशिंग्टनमधले बेताच्या पगाराचे पत्रकार. १९३९ साली त्यांनी फ्रँक लॉइड राइट या बड्या वास्तुशिल्पकाराला पत्र लिहिलं : माझ्यासाठी एक घर बांधून द्याल का? राइट यांनी होकार दिला. १९४१मध्ये व्हर्जिनियात सुमारे १,२०० चौरस फुटांचं घर उभं राहिलं. फर्निचरसुद्धा त्याच घरासाठी आखलेलं. पण कुटुंब वाढलं, घर पुरेना. काही वर्षांतच पोप यांनी ते विकलं.

याच पोप यांनी पुढे, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, १९९६मध्ये ‘कॉलेजेस दॅट चेंज लाइव्ज’ हे पुस्तक लिहिलं. अमेरिकेतली चाळीस लहान, फारशी नाव नसलेली लिबरल आर्ट्स कॉलेजं निवडून त्यांनी सांगितलं : हार्वर्ड-येलच्या मागे धावू नका, घडवणारी कॉलेजं ही आहेत. ‘आपल्यासारख्या’ कॉलेजच्या शोधात असलेली मुलं आजही या पुस्तकापाशी येतात. थोडी तऱ्हेवाईक, पुस्तकात बुडालेली, वर्गात एकटी पडलेली मुलं. त्यांना हवं असतं फिट होणारं कॉलेज.

पण शीर्षक पुन्हा वाचा. त्यात ‘फिट’ नाही, ‘चेंज’ आहे. कॉलेज तुम्हाला बदलणार असेल, तर ते कोणाच्या मापाचं हवं? आत जाणाऱ्या तुमच्या, की बाहेर पडणाऱ्या? मापाचं घर लहान पडण्याचा अनुभव असलेल्या माणसानं या प्रश्नाला भिडायला हवं होतं. पुस्तक मात्र तो बाजूला ठेवून कौतुकात रमतं. प्रत्येक कॉलेजात प्राध्यापक जिव्हाळ्याचे, विद्यार्थी आनंदी. पंधरा-वीस कॉलेजांनंतर एकाचं वर्णन दुसऱ्याला चिकटवलं तरी खपून जाईल असं वाटू लागतं.

तरी पुस्तक टाकाऊ नाही. त्यातल्या दोन कॉलेजांकडे पाहा.

सेंट जॉन्स. एक कॅम्पस अॅनापोलिसला, दुसरा सांता फेला. १९३७पासून इथे सगळ्यांना जवळजवळ एकच अभ्यासक्रम. ‘मेजर’ नाही. ज्याला गणिताची धास्ती आहे, त्यालाही फळ्यापाशी उभं राहून युक्लिडचं प्रमेय सिद्ध करावं लागतं. ज्याला फक्त गणित आवडतं, त्यालाही प्राचीन ग्रीक शिकावं लागतं. सत्राच्या शेवटी शिक्षक विद्यार्थ्याच्या समोर बसून त्याच्याबद्दल एकमेकांशी बोलतात, जणू तो खोलीत नाहीच. मग त्याला बोलायची संधी मिळते.

रीड, पोर्टलंडचं. इथे ग्रेड दिल्या जातात, पण काम ठीक चाललं असेल तर मागितल्याशिवाय सहसा कळवत नाहीत. शेवटच्या वर्षी मात्र प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो आणि तोंडी परीक्षेत त्याची बाजू मांडावी लागते.

बाहेरून बघणाऱ्याला यात गंमत दिसते : ग्रीक काय, न सांगितलेल्या ग्रेड काय. आत राहणाऱ्यासाठी ती सक्ती आहे. माझ्या मते कॉलेजचा स्वभाव या सक्तीतच असतो. रंगवलेले केस, पहाटेपर्यंतच्या गप्पा, विचित्र परंपरा हे सगळं माहितीपत्रकात छापता येतं. नावडतं काम चार वर्षं कोणत्या रीतीनं करून घेतलं जाईल, हे तिथे राहिल्यावरच कळतं.

पुस्तकाचं पुढे जे झालं, तेही बोलकं आहे. त्यातल्या कॉलेजांची त्याच नावाची एक संस्था १९९८मध्ये स्थापन झाली. ब्रँडच्या मोहाविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकाचाच ब्रँड झाला. तऱ्हेवाईकपणाचंही तसंच होतं. ‘आम्ही वेगळे’ म्हणणाऱ्या कॉलेजसाठी अठराव्या वर्षीचा मुलगा ‘मीही वेगळा’ असा निबंध लिहू लागतो. मग कोण कोणाला निवडतंय, हेच कळेनासं होतं.

आपल्याकडे अकरावीच्या यादीत कटऑफ ठरवतो तुम्ही कुठे जायचं. त्यामुळे ‘मला साजेसं कॉलेज’ हे शब्दच चैनीचे वाटतात. काही अंशी ते आहेतही. अमेरिकेतल्या अशा कॉलेजांची फी प्रचंड असते. सेंट जॉन्सनं २०१८मध्ये मोठी कपात जाहीर केली, तरी वार्षिक शुल्क ३५,००० डॉलरच्या घरात राहिलं. आर्थिक मदत मिळाली नाही, तर मापाची चर्चा तिथेच संपते. पोप यांच्या उत्साहात ही अडचण मागे पडते.

तरीही पुस्तक वाचा. फक्त प्रत्येक कॉलेजपाशी थांबून एकच गोष्ट शोधा : इथे कोणालाच काय टाळता येत नाही? त्या उत्तरानं पोटात गोळा आला आणि तरीही जावंसं वाटलं, तर ते नाव लिहून ठेवा. आज अगदी अंगाबरोबर बसणारं कॉलेज दोन वर्षांत काखेत काचायला लागतं.