‘कोणाची’ आणि ‘कोणाकडे’ : जुन्या वाद्यांच्या स्वामित्वेतिहासाविषयी

तळेगाव दाभाड्याहून चाकणच्या दिशेने जाताना इंद्रायणीच्या काठी इंदुरी हे गाव लागते. तेथील गढीला ‘दाभाड्यांची गढी’ असे म्हणतात. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांच्या घराण्याशी तिचा असलेला संबंध सर्वश्रुत आहे. त्यामुळे या ‘ची’चा अर्थ काय, असा प्रश्न कोणाला पडत नाही. गढी दाभाड्यांनी बांधविली म्हणून त्यांची, त्यांच्या ताब्यात राहिली म्हणून त्यांची, की केवळ त्यांचे नाव तिला चिकटले म्हणून त्यांची? वास्तू जागची हलत नाही. म्हणून हे अर्थ एकमेकांत मिसळले तरी इतिहासाची फारशी हानी होत नाही. वाद्यासारख्या जंगम वस्तूची गोष्ट निराळी आहे. ते एका हातातून दुसऱ्या हाती जाते, आणि प्रत्येक हस्तांतराबरोबर त्या एकाच प्रत्ययाचा अर्थ बदलत जातो. जुन्या वाद्यांचे स्वामित्व ठरविताना जे प्रमाद घडतात, त्यांतील बरेचसे या प्रत्ययाच्या वाचनात घडतात.

षष्ठीचा संबंध अनेकविध असतो, हे भारतीय व्याकरणपरंपरेला अपरिचित नाही. षष्ठीच्या अर्थांची संख्या पतंजलीच्या महाभाष्यात शंभराच्या घरात सांगितली आहे. स्वस्वामिभाव हा त्यांतील केवळ एक. मराठीत मात्र ताबा सांगण्यासाठी निराळी रचनाही उपलब्ध आहे. ‘ही वीणा त्याची आहे’ आणि ‘ही वीणा त्याच्याकडे आहे’ या दोन वाक्यांतील भेद लहान मुलालाही कळतो. दुसऱ्या वाक्यातील वीणा मागून आणलेली, गहाण ठेवलेली, दुरुस्तीला आलेली किंवा लुटून आणलेलीही असू शकेल. बोलण्यात हा विवेक सहज पाळला जातो. वस्तूचा इतिहास लिहिताना तो सुटतो. ‘कोणाकडे होती’ या प्रश्नाची उत्तरे क्रमाने जुळविण्यापूर्वीच ‘कोणाची’ या प्रश्नाचे एक ठसठशीत उत्तर दिले जाते.

पाश्चात्त्य वाद्यांपैकी ज्यांच्या स्वामित्वाचा माग संग्राहक हौसेने काढतात, त्यांत पेडल स्टील गिटारची गणना होते. जोसेफ केकुकू याच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या हवाईयन गिटारचे हे पुढचे रूप. व्हॅन शिप्ले यांच्या वादनामुळे आणि 1967 साली निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेतील ब्रिजभूषण काब्रा यांच्या वादनामुळे हवाईयन गिटार आपल्याकडील श्रोत्यांच्या परिचयाची आहे. पेडल स्टील गिटारमध्ये तारांवरून पोलादी कांडी फिरविली जाते आणि त्याच वेळी पायांच्या पट्ट्यांनी ठरावीक तारांचा ताण कमीजास्त करून स्वर बदलला जातो. कॅलिफोर्नियातील डाउनी येथील कारागीर पॉल बिग्सबी याने 1948 साली स्पीडी वेस्ट या वादकासाठी असे वाद्य घडविले. 1954 सालच्या ‘स्लोली’ या गीतात बड आयझॅक्स याने बिग्सबीच्याच वाद्यावर हा पट्टीने स्वर वळविण्याचा प्रकार ऐकविला आणि पुढे तो रूढ झाला.

बिग्सबी वाद्याच्या दर्शनी बाजूवर गिऱ्हाइकाचे नाव घालीत असे, आणि अनुक्रमांक म्हणून तारखेचेच आकडे ठोकीत असे. संशोधकाला याहून अधिक काय हवे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तारीख वाद्याचा जन्म सांगते. नाव ते कोणासाठी घडले हे सांगते. पुढील दहा किंवा पन्नास वर्षे ते कोणाकडे होते, याविषयी दोन्ही खुणा मुक्या आहेत. पहिल्या धन्याने वाद्य विकले, तरी लाकडावरचे नाव त्याचेच राहू शकते. ‘बिग्सबीची गिटार’ आणि ‘स्पीडी वेस्टची गिटार’ या दोन्ही पदांत प्रत्यय एकच असून पहिल्यात तो कर्ता दाखवितो, दुसऱ्यात ज्याच्यासाठी वस्तू केली तो. आज वाद्य बाळगणारा मनुष्य या दोहोंपैकी एकातही येत नाही.

महाराष्ट्रात याच प्रश्नाचे अधिक जुने उदाहरण पोर्तुगीज घंटांचे आहे. घंटा हे घनवाद्य. तिच्यावरही ओतकामाचे साल कोरलेले असते. भीमाशंकर येथील घंटेवर 1729, नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर 1721, आणि वाईजवळील मेणवलीच्या घंटेवर 1707 हे साल आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तेथील चर्चांतून या घंटा आणल्या, असे सांगितले जाते. घंटांचे ख्रिस्ती मूळ त्यांच्या अंगावरच स्पष्ट असल्याने या सांगण्याचा पूर्वार्ध बळकट आहे. अडचण आहे ती उत्तरार्धात.

मेणवलीचे उदाहरण घ्यावे. हे गाव नाना फडणविसांकडे 1768 साली आले. वाडा, घाट व देवळे ही त्यानंतरची. नानांचा जन्म 1742 सालचा, म्हणजे वसई पडली तेव्हा ते जन्मलेही नव्हते, आणि चिमाजी अप्पा 1740 सालीच निवर्तले होते. तेव्हा ‘चिमाजी अप्पांनी मेणवलीला घंटा दिली’ हे विधान शब्दशः घेता येत नाही. वसई आणि मेणवली यांच्या मध्ये किमान एकोणतीस वर्षांचा काळ आहे, आणि त्या काळात ती अवजड घंटा कोणाच्या तरी ताब्यात असलीच पाहिजे. नाशिकचे मंदिर 1747 सालचे. तेथेही वसईनंतर आठ वर्षे मोकळी राहतात. परंपरेला ही मधली वर्षे दिसत नाहीत, कारण ती ‘कडे’चा हिशेब ठेवीत नाही, तिला पहिला पराक्रमी आणि शेवटचे देऊळ एवढेच आठवते.

भीमाशंकराच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. तेथील सभामंडपाचे श्रेय परंपरा चिमाजी अंताजी नाईक भिंडे या पुण्याच्या सावकाराला देते. एकाच देवस्थानाशी दोन चिमाजी जोडले गेले असता एकाचे दान दुसऱ्याच्या खाती पडणे अशक्य नाही, आणि पडलेच तर ते सावकाराकडून सेनानीकडेच जाण्याचा संभव अधिक. एवढ्यावरून भीमाशंकरची घंटा वसईची नव्हे असे ठरत नाही. परंतु नाव जुळले म्हणजे माग लागला, असे मानणाऱ्या पद्धतीची दुर्बलता यातून दिसते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, कागदाचा पुरावा मागून लोकस्मृतीला खोटे ठरविणे हा विद्वानांचा जुना हेका आहे. आक्षेप रास्त आहे. परंतु येथे लोकस्मृती खोटी ठरत नाही, तिचे वाचन चुकलेले ठरते. नाशिककर ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. मंदिर रामेश्वराचे आहे, घंटा पोर्तुगीज आहे, आणि नारोशंकर राजेबहादूर हे मंदिर बांधविणारे सरदार. असे असूनही ते घंटेचे मालक होते, असे सांगण्याचा बोलणाऱ्याचा उद्देश नसतो. ज्याच्यामुळे ती तेथे आली, त्याचे नाव तो घेतो. ‘चिमाजी अप्पांची घंटा’ यातील षष्ठीही अशीच निमित्ताची आहे. तिचे ‘चिमाजी अप्पांच्या मालकीची घंटा’ असे रूपांतर माहितीफलक लिहिणारा करतो, आणि परंपरेने जे कधी म्हटलेच नव्हते ते तिच्या तोंडी घालतो.

स्वामित्वाचा काटेकोर अर्थ घेतला, तर आज ‘भीमाशंकराची घंटा’ हेच पद सर्वांत यथार्थ ठरते. देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असून ती संपत्ती धारण करू शकते, हे प्रिव्ही कौन्सिलने 1925 साली मान्य केले आहे. पुजारी व विश्वस्त यांच्याकडे घंटा असते. ती त्यांची नसते. ‘ची’ आणि ‘कडे’ यांतील भेद येथे कायद्यानेच जपला आहे.

या विवेचनाचा प्रत्यक्ष कामाशी संबंध आहे. ज्या वाद्याला थोर नाव चिकटते त्याची किंमत वाढते, आणि किंमत वाढली की नावे चिकटविण्याचा उद्योगही वाढतो. उद्या एखाद्या घंटेवर कोणी हक्क सांगितला, तर ‘कोणाची’ या प्रश्नाचे आज दिलेले ढिसाळ उत्तर पुरावा म्हणून पुढे येईल. म्हणून वाद्याची नोंद करताना चार प्रश्न वेगळे ठेवणे इष्ट: कोणी घडविले, कोणासाठी घडविले, कोणाकोणाकडे राहिले, आणि कोणी कोणाला दिले. स्थानिक माणसाचे वाक्य त्याच्याच शब्दांत, प्रत्ययासह टिपून घ्यावे. त्याचा अर्थ नंतर लावावा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विजयाच्या वर्णनांत शोधण्यात अर्थ नाही. अवजड घंटा घाट चढते ती बैलांच्या बळावर, आणि बैलांचे भाडे, लोहाराची मजुरी, टांगण्याच्या तुळईचे लाकूड यांचा खर्च हिशेबाच्या कागदांत पडतो. शोध तेथे घ्यावयास हवा.

इंदुरीच्या गढीत कडजाईचे देऊळ आहे. गढी दाभाड्यांची, देऊळ कडजाईचे, असे एका दमात बोलणाऱ्या ग्रामस्थाला या दोन षष्ठींतील भेद शिकवावा लागत नाही. तो शिकावयाचा आहे इतिहास लिहिणाऱ्यांनी.