‘समुपदेशन’ या शब्दातला उपदेश

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. धाकटा भाऊ बारावीत असताना घराबाहेर पडेनासा झाला. जेवण खोलीत, पुस्तक उलटं धरलेलं, रात्रभर दिवा चालू. वडील, मी आणि तो असे तिघे दहिवलीहून निघालो आणि कर्जत लोकलने शहरातल्या एका समुपदेशकांकडे गेलो. गृहस्थ सज्जन होते. पाऊण तास बोलले. इच्छाशक्ती, आईवडिलांचे कष्ट, मित्रांची संगत, पहाटे उठण्याचे फायदे. वडील मान डोलावत होते, मीही डोलावत होतो. परतीच्या गाडीत बदलापूरला गर्दी ओसरली तेव्हा भाऊ म्हणाला, “दादा, त्यांनी मला काहीच विचारलं नाही.”

मी मानसशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरी करत असताना रद्दीवाल्यांकडून, वाचनालयांच्या माळ्यावरून जे मिळालं ते वाचत गेलो. त्या वाचनामागे प्रश्न एकच होता. मराठीत दुसऱ्याचं दुःख हाताळणारं जे लेखन झालं, त्यात सांगणं किती आणि ऐकणं किती?

सुरुवात शब्दापासूनच करावी लागते. हिंदीने ‘परामर्श’ घेतला; त्यात विचार, मसलत अशा छटा आहेत. मराठीने ‘समुपदेशन’ घडवलं. मागे ‘सम्’ जोडून आपण उपदेशाला सभ्य केलं, पण तो शब्दाच्या पोटात राहिलाच. या व्यवसायाचं शिक्षण देणारा कोणीही पहिल्या तासाला सांगतो की समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. ज्या शब्दाची ओळख त्याच्या निम्म्या भागाचा इन्कार करून द्यावी लागते, तो शब्द काहीतरी लपवत असतो. बोलीत आपल्याकडे ‘मन मोकळं करणं’ आहे, ‘ऐकून घेणं’ आहे. फलकावर मात्र यातलं काही चढलं नाही.

याचं खापर संतपरंपरेवर फोडण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. रामदासांचे मनाचे श्लोक 205 आहेत आणि त्यांतलं संबोधन ‘मना’ असं आहे. बोलणारा स्वतःच्या मनाला समजावतो आहे; ते त्याचं स्वतःशी चाललेलं भांडण आहे. तुकोबांच्या अभंगांतही आपल्याच मनाशी झुंजणारा माणूस जागोजाग भेटतो. आपण पुढे काय केलं? तेच श्लोक मुलांकडून पाठ करून घेतले. स्वतःला उद्देशून असलेली वाणी दुसऱ्याकडे वळवली की तिचा उपदेश होतो. ही वळवावळवी संतांची नव्हे, घरातल्या वडीलधाऱ्यांची.

आधुनिक काळात छापील पानावर मराठी माणसाने आपली सर्वांत खासगी अडचण मांडली ती र. धों. कर्वे यांच्यापुढे. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. जुलै 1927 पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं आणि 1953 साली मरेपर्यंत सोडलं नाही. वाचकांच्या प्रश्नांना त्यात उत्तरं असत. अशाच उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला आणि त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला हरला, दंड झाला. पण लोक विचारत असतील तर जाणत्याने उत्तर द्यायला हवं, ही बाजू त्या निमित्ताने न्यायालयात उभी राहिली.

कर्व्यांची उत्तरं आज वाचताना दोन गोष्टी जाणवतात. एक म्हणजे त्यांत विचारणाऱ्याला खाली पाहायला लावणारा सूर नाही. शंका कितीही ओशाळवाणी असो, उत्तर कोरडं, नेमकं आणि थोडक्यात. पाप, चारित्र्य, कुळाची अब्रू यांना तिथे थारा नाही. पत्रात भीती लिहिणाऱ्याला ‘यात भ्यायचं काही नाही’ हे शास्त्राच्या आधाराने कळणं, हाही उपचारच होता. दुसरी गोष्ट मर्यादेची. कर्वे प्रश्नाला उत्तर देतात, प्रश्न विचारणाऱ्याला प्रतिप्रश्न क्वचितच करतात. शंका माहितीने फिटेल अशी असेल तर ते पुरेसं होतं. जिथे माहिती असूनही माणूस अडकलेला असतो, तिथे ती पद्धत दारापाशीच थांबते. तरी कर्व्यांच्या बाजूने एवढं म्हणावंच लागेल की नंतरच्या अनेक सल्ला-सदरांत चार ओळींच्या पत्राला दीड स्तंभ प्रवचन मिळतं, तसं त्यांनी केलं नाही.

नवराबायकोच्या तंट्याचा इतिहास वेगळा आहे. आमच्याकडे त्याला ‘बैठक’ म्हणत. दोन्हीकडची पाच-पाच माणसं ओसरीवर बसत, चहा फिरे, आणि शेवटी ‘मुलीला नांदायला पाठवा’ असं ठरे. जिच्याबद्दल हे ठरे ती आतल्या दाराआड उभी असे. लहानपणी अशा दोन बैठकी मी पाहिल्या आहेत. त्यांत तिला कोणी बाहेर बोलावल्याचं मला आठवत नाही.

1984 या एकाच वर्षात या बैठकीला दोन पर्याय निघाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या यंत्रणेत महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ती आधी त्या बाईचं म्हणणं ऐकते. त्याच वर्षी कुटुंब न्यायालयाचा कायदा झाला आणि ‘विवाह समुपदेशक’ हे पद आपल्या कानांवर पडू लागलं. दोन्ही पर्याय हवेच होते, पण त्यांचा कल सारखा नाही. कुटुंब न्यायालयाचा कायदा समेटाच्या प्रयत्नाला न्यायालयाचं कर्तव्य मानतो. ऐकणाऱ्याला निकाल आधीच हवासा असेल तर ऐकण्यावर त्याची सावली पडते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या 2006 च्या नियमांनी यावर एक चांगला बांध घातला: समुपदेशनात पुरुषाला आपल्या हिंसेचं समर्थन मांडता येणार नाही. हे कलम मला अतिशय महत्त्वाचं वाटतं. दोन्ही बाजू सारख्याच ऐकणं म्हणजे निःपक्षपात, हा बैठकीतला समज त्याने मोडला.

मुक्तांगणचा अनुभवही याच बाजूला जातो. 1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला. नवऱ्याला सांभाळून घे, हे ऐकून थकलेल्या बाईला तिथे स्वतःबद्दल बोलायला मिळालं. शब्दाचीही दाद द्यावी: सहचरी. कोणी कोणाला उपदेश करत असल्याचा वास त्याला नाही.

आता पुस्तकांकडे वळतो. मराठीत मानसोपचाराचा जो विचार सर्वांत रुजला तो अल्बर्ट एलिस यांचा. न्यूयॉर्कच्या या मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमारास मांडलेली पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. 1990 मध्ये ठाण्यात आय.पी.एच. ही संस्था उभी करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या ‘स्वभाव-विभाव’ने ती घरोघरी नेली. तिला ‘विवेकनिष्ठ’ हे नाव मिळालं आणि ‘विवेक’ तर रामदासांपासून आपल्या ओळखीचा. उलट कार्ल रॉजर्स यांनी 1942 च्या पुस्तकात मांडलं होतं की समोरच्याला दिशा देऊ नका, त्याचं म्हणणं त्याच्याच बाजूने समजून घ्या. त्या रॉजर्सना मराठीत तेवढा आवाज मिळाला नाही. मला हा योगायोग वाटत नाही. वाद घालणारा, चूक दाखवणारा, पटवून देणारा एलिस आपल्या स्वभावाला मानवला. गप्प बसून ऐकणारा रॉजर्स आपल्याला काहीच करत नसल्यासारखा वाटला.

एलिसवर मात्र अन्याय नको. त्याचा सगळा रोख ‘पाहिजेच’ या शब्दावर होता. मला यश मिळालंच पाहिजे, लोकांनी मला मान दिलाच पाहिजे, या हट्टातून दुःख वाढतं, असं तो म्हणे. आणि ते तो प्रश्न विचारून उकलत नेई: कशावरून? असं कुठे लिहिलंय? नाही मिळालं तर नेमकं काय होईल? ‘स्वभाव-विभाव’चं बळ हेच आहे की ते ही उकल वाचकाला करून पाहायला लावतं. तिच्या मागून आलेल्या स्वस्त पुस्तकांच्या लाटेने प्रश्न गाळले आणि निष्कर्ष तेवढे ठेवले. परिणामी एक नवाच ‘पाहिजेच’ जन्माला आला: माणसाने सकारात्मक राहिलंच पाहिजे. ज्या रोगावर औषध काढलं, त्याच रोगाची ही नवी गोळी.

ऐकणं म्हणजे काय हे मराठीत मला सर्वांत नीट दाखवलं ते एका चित्रपटाने. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला 2017 मध्ये सुवर्णकमळ मिळालं. स्वतः नैराश्यातून जाणारी जानकी, जीव द्यायला निघालेल्या एका तरुणाला कोकणातल्या घरी आणते. त्याला खोदून विचारत नाही, शिकवत नाही. तो चिडतो, तरी दार उघडं राहतं. प्रत्यक्षात मानसोपचारतज्ज्ञ असलेले डॉ. मोहन आगाशे इथे समुद्रकासवांची अंडी राखणाऱ्याच्या भूमिकेत आहेत. घरट्याला कुंपण घालायचं, कुत्र्या-कोल्ह्यांपासून जपायचं, पण पिल्लाने पाण्यापर्यंत आपल्या पायांनी जायचं. समुपदेशनाची याहून नेमकी व्याख्या मी कोणत्या ग्रंथात वाचलेली नाही.

माझी तक्रार एवढीच की जानकीकडे मोठं घर आहे, गाडी आहे, फुरसत आहे. आमच्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली-मानस’ची 14416 ही मोफत सेवा आहे, मराठीतही बोलता येतं. पण सासू पलीकडच्या पलंगावर असताना सुनेने ते बोलणं कुठे करायचं? ऐकणारा मिळाला तरी बोलायला जागा लागते, याचा विचार आपल्या लेखनात जवळजवळ नाही.

आणि दहिवलीहून जवळच, वेणगावला, डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेचं केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणायचं, औषधोपचार करायचे आणि घरी पोहोचवायचं, हे तिचं काम. 2018 मध्ये वाटवानींना त्यासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामाचं टोक मला घरी पोहोचवण्यात दिसतं. बरा होत आलेला माणूस आपलं नाव सांगतो, गाव सांगतो, मग कार्यकर्ते त्याला घेऊन निघतात, कधी देशाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे उंबऱ्यावर घरच्यांना सांगावं लागतं की हा आजार आहे, गोळ्या चुकवू नका. म्हणजे इथे सांगणं आहेच. पण ते त्या माणसाचं ऐकून झाल्यावर आलेलं आहे. त्याने पत्ता सांगितल्यावाचून प्रवासच सुरू होत नाही. उपदेशाला जागा असलीच तर ती या क्रमात.

भावाला पुढे दुसरे डॉक्टर मिळाले. त्यांनी वडिलांना आणि मला बाहेर बसवलं. औषधं अजून चालू आहेत. तो पंखे, मिक्सर दुरुस्त करतो. अधूनमधून वाईट महिने येतात, तेव्हा दुकान बंद असतं.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्याला विचारलं, लोकलमधलं तुझं वाक्य घालू का? तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, “घाल. पण मी म्हणालो तेवढंच लिही. मला तेव्हा काय वाटलं असेल, ते तू लिहू नकोस.”

पहिल्या मसुद्यात मी तेच दोन परिच्छेद लिहिलं होतं. ते काढले.